सॅम वॉरबर्टन: ७ नंबरवाला नेमकं काय करतो, आणि तो २९ व्या वर्षी का थांबला

रग्बी बघताना आपल्याकडच्या बहुतेकांची तक्रार एकच असते, बॉल दिसतच नाही. एक जण पळतो, त्याला पाडतात, मग त्याच्यावर पाच-सहा धिप्पाड माणसं कोसळतात, शिट्टी वाजते, रेफ्री हात वर करतो आणि कोणाला काय मिळालं, का मिळालं, काही कळत नाही. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली तेव्हा बऱ्याच जणांनी हा खेळ पहिल्यांदाच बघितला, पण ती सात-सात जणांची छोटी आवृत्ती, मैदान मोकळं, पळापळ जास्त, त्यामुळे लवकर समजते. खरा गुंता पंधरा-पंधरांच्या खेळात आहे. आणि तो सोडवायचा असेल तर नियमांचं पुस्तक घेऊन बसण्यापेक्षा एका माणसाचं करिअर नीट बघावं असं मला वाटतं. वेल्सचा सॅम वॉरबर्टन. तो जो ढीग आपल्याला दिसतो ना, तीच त्याची कामाची जागा होती.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. जन्म ५ ऑक्टोबर १९८८, कार्डिफ. शाळा व्हिटचर्च हायस्कूल, आणि ही शाळा म्हणजे कमालच आहे, कारण फुटबॉलवाला गॅरेथ बेल त्याच्याच बॅचचा आणि सायकलिंगमध्ये टूर द फ्रान्स जिंकणारा गेरेंट थॉमस पण त्याच शाळेचा, थोडा सीनियर. वॉरबर्टन वेल्सच्या वयोगटांच्या टीमचा कॅप्टन होत होत वर आला, २००९ मध्ये कार्डिफ ब्लूजकडून खेळायला लागला आणि त्याच वर्षी जूनमध्ये शिकागोजवळ अमेरिकेविरुद्ध वेल्सकडून पहिली मॅच खेळला. पुढे वेल्सकडून ७४ मॅचेस, त्यातल्या ४९ मध्ये कॅप्टन. आकडे एवढे पुरेत.

आता त्याचं काम. रग्बीत पाठीवरचा नंबर म्हणजे कामाचं नाव असतं, १ ते ८ पुढचे म्हणजे फॉरवर्ड, ९ ते १५ मागचे. स्क्रम तुम्ही बघितला असेल, आठ विरुद्ध आठ डोकी घालून ढकलतात तो प्रकार. त्या स्क्रमच्या दोन बाजूंना दोन फ्लँकर चिकटलेले असतात, त्यातला ७ नंबरचा हा जिकडे मैदान जास्त मोकळं तिकडे असतो, म्हणून त्याला ओपनसाइड म्हणतात. स्क्रम सुटला की सगळ्यात आधी सुटून पळणारा हाच, आणि पळायचं कुठे, तर जिथे पुढचा टॅकल (बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं) होणार आहे तिथे. टॅकल झाल्यावर नाही, होणार आहे तिथे.

आणि टॅकल झाला की त्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत खरा खेळ आहे, याला ब्रेकडाउन म्हणतात. नियम असा, की ज्याला पाडलं त्याने बॉल लगेच सोडायचा किंवा आपल्या टीमकडे सरकवायचा. ज्याने पाडलं त्याने पण त्याला सोडून बाजूला व्हायचं. आता या दोघांव्यतिरिक्त जो तिसरा माणूस स्वतःच्या पायांवर उभा आहे आणि आपल्या टीमकडून, मागून सरळ आत आलाय (कडेने घुसलं की फाउल), त्याला बॉलला हात घालायचा हक्क आहे. तो वाकतो, बॉल धरतो, खेचतो. खाली पडलेल्याने सोडला तर बॉल मिळाला. नाही सोडला, तर बॉल धरून ठेवला म्हणून पेनल्टी मिळाली, आणि पेनल्टी म्हणजे किक मारून सरळ ३ पॉइंट किंवा बॉल पन्नास-साठ मीटर पुढे बाहेर मारून तिथून पुन्हा आपलाच थ्रो. म्हणजे हात घालणाऱ्याचा दोन्हीकडून फायदाच. या कामाला जॅकल म्हणतात आणि वॉरबर्टन त्यात जगातल्या अगदी मोजक्या लोकांपैकी एक होता.

पण यात मुदत फार कमी असते. समोरच्या टीमचा एक माणूस आणि तुमचा एक माणूस बॉलच्या वर पायांवर उभे राहून एकमेकांना भिडले की त्याला रक म्हणतात, आणि रक झाला की नवीन कोणी हात घालू शकत नाही, फक्त ज्याचा हात आधीपासून बॉलवर आहे तोच झगडत राहू शकतो. म्हणजे सगळा खेळ पहिला हात कोणाचा पडला याचा. उशीर झाला आणि हात घातला तर पेनल्टी उलट तुमच्याच विरुद्ध. हे सगळं रेफ्री एका नजरेत ठरवतो, हा पायांवर होता का, बॉलवर हात होते का पुढे जमिनीवर टेकवलेले होते, कडेने आला का, रक आधी झाला का हात आधी पडला. म्हणून दोन प्रेक्षक एकच रिप्ले बघून दोन वेगळी मतं देतात, आणि दोघंही शहाणे असू शकतात.

आता हे जवळून बघा म्हणजे पुढचं सगळं कळेल. वॉरबर्टन पोचला की पाय खांद्यांपेक्षा रुंद फाकवायचा, कंबर खाली, छाती जवळजवळ मांडीला टेकलेली, दोन्ही हात बॉलखाली, डोकं पुढे आणि खाली. म्हणजे मान पूर्ण उघडी. आणि त्या क्षणाला समोरून ११०-१२० किलोचा माणूस, कधी दोन, धावत येऊन खांद्याने त्याला उडवायला बघतात, आणि ते कायदेशीर आहे, त्यांचं ते कामच आहे. तो धक्का खाऊन सुद्धा बॉलवरचा हात न सोडता एक-दीड सेकंद तगायचं, तेवढ्यात रेफ्रीने शिट्टी मारली की जिंकलं. कबड्डीत चार-पाच जणांच्या अंगाखालून मधल्या रेषेला बोट टेकवायला जो हट्ट लागतो तोच हट्ट इथे, फक्त मारणारा माणूस पळत येतो. आणि असं एका मॅचमध्ये एकदा नाही, परत परत.

वेल्समध्ये या ७ नंबरला वेगळाच मान आहे. वॉरबर्टनच्या आधी तिथे मार्टिन विल्यम्स होता, तोही कार्डिफ ब्लूजचा, वेल्सकडून शंभर मॅच खेळलेला, त्यामुळे पोराला शिकायला समोरच उत्तम नमुना होता. नंतर जस्टिन टिप्युरिक आला, जास्त चपळ, हातात बॉल असताना जास्त सुंदर, आणि मग अख्ख्या देशात वाद, ७ कोणी खेळायचं. २०१३ मध्ये कार्डिफला इंग्लंडविरुद्ध दोघांनाही खेळवलं, वॉरबर्टन ६ आणि टिप्युरिक ७, आणि वेल्सने इंग्लंडला ३०-३ असं धुतलं. माझ्या दृष्टीने वॉरबर्टनच्या करिअरमधली ही फार महत्त्वाची मॅच आहे, कारण तेव्हा तो कॅप्टन पण नव्हता (त्या दिवशी गेथिन जेंकिन्स होता), नंबर पण आपला नव्हता, आणि तरी ब्रेकडाउनवर इंग्लंडला जागा मिळाली नाही.

पण त्याच्या आधी २०११. हे नीट सांगायला हवं, कारण बऱ्याच लोकांना वॉरबर्टन म्हटलं की हेच आठवतं.

२०११ चा वर्ल्ड कप न्यूझीलंडमध्ये होता. कोच वॉरन गॅटलंडने टीमला त्याआधी पोलंडमध्ये स्पावा नावाच्या गावी नेलं होतं, दिवसभर जीवघेणा व्यायाम आणि मग उणे शंभरच्याही खाली तापमान असलेल्या खोलीत काही मिनिटं उभं राहायचं, म्हणजे शरीर लवकर सावरतं आणि परत व्यायाम करता येतो. नेहमीचा कॅप्टन मॅथ्यू रीस जखमी झाला आणि कॅप्टनशिप गेली वॉरबर्टनकडे, स्पर्धा सुरू झाली तेव्हा वय २२. पहिल्या मॅचमध्ये दक्षिण आफ्रिकेकडून १७-१६ ने हरले पण वॉरबर्टन त्या दिवशी भन्नाट खेळला, मग क्वार्टर फायनलला आयर्लंडला २२-१० ने हरवलं आणि सेमीफायनल आली फ्रान्सबरोबर, १५ ऑक्टोबर, ऑकलंडचं ईडन पार्क.

मॅचला वीस मिनिटं पण झाली नव्हती. फ्रान्सचा विंगर (मैदानाच्या कडेला खेळणारा) व्हिन्सेंट क्लेर बॉल घेऊन आला, अंगाने वॉरबर्टनपेक्षा बराच लहान, वॉरबर्टनने पूर्ण ताकदीने टॅकल केला आणि क्लेर हवेत उचलला गेला, पाय वर डोकं खाली असा फिरला आणि तिथेच वॉरबर्टनने हात सोडले. क्लेर खांदा-मानेच्या बाजूवर आपटला. रेफ्री ॲलन रोलंडने सरळ लाल कार्ड काढलं. स्टेडियमला सुद्धा क्षणभर कळलं नाही.

राग असा होता, की त्याचा हेतू नव्हता, सेमीफायनल आहे, पिवळं देऊन दहा मिनिटं बाहेर बसवायचं होतं. पण नियम काय म्हणत होता ते बघा. त्याच्या दोनेक वर्षं आधी आंतरराष्ट्रीय बोर्डाने रेफ्रींना लेखी सूचना दिली होती, की खेळाडूला उचलून जोराने खाली आपटलं तर लाल, आणि उचलून त्याच्या सुरक्षेचा विचार न करता नुसतं सोडून दिलं तरी लाल. हेतूचा प्रश्नच त्यात नाही. उचललं म्हणजे त्याला नीट खाली आणायची जबाबदारी तुमची, बस. लोकांना वाटलं त्याने हात सोडले म्हणजे तो सभ्यपणे वागला, आणि नेमकं तेच सोडून देणं नियमात मोडत होतं. मला विचाराल तर रोलंडचा निर्णय बरोबर होता, आणि वॉरबर्टनने स्वतः पुढे तसं मान्य केलं, हे जास्त महत्त्वाचं. मानेवर पडून आयुष्यभर अंथरुणाला खिळलेले रग्बी खेळाडू आहेत, तो नियम उगाच नाही आला.

वेल्सने तासभर चौदा जणांत खेळून मॅच सोडली नाही. माइक फिलिप्सने ट्राय केला (म्हणजे बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला), त्यानंतरची किक स्टीफन जोन्सने मारली ती खांबाला लागली, शेवटी शेवटी ली हाफपेनीची लांबून मारलेली पेनल्टी आडव्या दांडीच्या थोडी खाली राहिली. ९-८. एका पॉइंटने फायनल गेली. वॉरबर्टनला तीन आठवड्यांची बंदी. एखाद्या तेवीस वर्षांच्या पोराचं करिअर यातून उठायला वेळ लागला असता, पण पाच महिन्यांत वेल्सने त्याच्या कॅप्टनशिपखाली सिक्स नेशन्समध्ये (युरोपातल्या सहा देशांची दरवर्षीची स्पर्धा) ग्रँड स्लॅम केला, म्हणजे पाचही मॅच जिंकल्या. त्यात ट्विकेनहॅमला इंग्लंडचा मनू तुइलागी, शंभर किलोच्या वरचा गडी, ट्रायलाइनच्या दिशेने सुसाट निघाला होता आणि वॉरबर्टनने आडवा झेपावून त्याचे घोटे धरले, ट्राय वाचला, वेल्स १९-१२ ने जिंकलं. हा टॅकल कुठे व्हिडिओ मिळाला तर जरूर बघा.

आता लायन्स. हे आपल्याकडे समजावून सांगावं लागतं. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड हे चार एरवी एकमेकांचे पक्के वैरी, पण दर चार वर्षांनी चौघांतले निवडक खेळाडू एकत्र येतात आणि ब्रिटिश अँड आयरिश लायन्स म्हणून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर जातात. नुसती निवड होणं म्हणजे करिअरचं सार्थक. वॉरबर्टन २०१३ मध्ये २४ व्या वर्षी त्यांचा कॅप्टन झाला, लायन्सच्या इतिहासातला सगळ्यात तरुण. ऑस्ट्रेलियात पहिली टेस्ट जिंकले, दुसऱ्या टेस्टला मेलबर्नमध्ये तो ब्रेकडाउनवर जबरदस्त खेळत असतानाच मांडीच्या मागचा स्नायू फाटला, मॅच पण १६-१५ ने गेली आणि तिसऱ्या टेस्टला तो बाहेर, ॲलन विन जोन्सने टीम नेली आणि लायन्स ४१-१६ ने जिंकून सीरिज घेऊन आले. करंडक हातात आला पण शेवटची मॅच खेळता आली नाही. शरीराचा हिशोब इथे पहिल्यांदा सगळ्यांना दिसला.

मधल्या काळात पैशाचा एक मुद्दा आहे तोही थोडक्यात सांगतो. वेल्सची लोकसंख्या साधारण ३१ लाख, त्यात चार व्यावसायिक टीम, आणि फ्रान्स-इंग्लंडचे क्लब कितीतरी जास्त पगार द्यायला तयार. मग चांगले खेळाडू बाहेर जायला लागले. २०१४ च्या जानेवारीत वेल्श रग्बी युनियनने थेट स्वतःच्या करारावर घेतलेला पहिला खेळाडू म्हणजे वॉरबर्टन, आणि त्याच वर्षी पुढे युनियन ६० टक्के आणि स्थानिक टीम ४० टक्के पगार देईल अशी व्यवस्था ठरली. यात पैशाइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे खेळाडूने वर्षात किती मॅच खेळायच्या यावर देशाच्या टीमचा पण ताबा. ७ नंबरवाल्यासाठी हा ताबा सोन्यासारखा असतो.

कॅप्टन म्हणून तो ओरडणारा नव्हता. रग्बीत रेफ्रीशी बोलायचा अधिकार मुख्यतः कॅप्टनला असतो आणि ती एक वेगळीच कला आहे. ब्रेकडाउनवर काम करणारा माणूस तर रेफ्रीच्या मर्जीवर जगतो, वीस निर्णयांतले निम्मे इकडे-तिकडे होऊ शकणारे असतात, त्यामुळे वॉरबर्टन शांतपणे, अदबीने विचारायचा, भांडायचा नाही. याचं फळ मिळालं ते २०१७ मध्ये.

त्या वर्षी जानेवारीत वेल्सची कॅप्टनशिप त्याने सोडली होती, तरी गॅटलंडने लायन्सचा कॅप्टन पुन्हा त्यालाच केलं. समोर न्यूझीलंड, त्यांच्या घरी. गुडघा दुखावल्यामुळे पूर्ण फॉर्ममध्ये नव्हता म्हणून पहिल्या टेस्टला बेंचवर, लायन्स हरले. दुसऱ्या टेस्टला वेलिंग्टनमध्ये तो सुरुवातीपासून खेळला, सनी बिल विल्यम्सला लाल कार्ड मिळालं (न्यूझीलंडच्या खेळाडूला पन्नास वर्षांत पहिल्यांदा), लायन्स २४-२१ ने जिंकले. तिसरी टेस्ट पुन्हा ईडन पार्क, तेच मैदान. दोन-तीन मिनिटं राहिलेली, १५-१५. न्यूझीलंडने किक-ऑफ केला, लियम विल्यम्स झेल घ्यायला उडाला, किरन रीड त्याच्यावर उडाला, बॉल पुढे उडाला आणि पुढे उभ्या केन ओवेन्सच्या हाताला लागला. ओवेन्स ऑफसाइड, म्हणजे आपल्याच माणसाकडून पुढे उडालेल्या बॉलच्या पुढे उभा असताना त्याला हात लावला. रेफ्री रोमेन प्वातने पेनल्टी दिली, आणि ती जागा किकसाठी सोपी होती. म्हणजे सीरिज गेलीच.

वॉरबर्टनने काय केलं, तर ओरडला नाही. रीडने हवेत विल्यम्सला धक्का दिला का, एवढं रिप्लेवर बघा म्हणाला. बघितलं. रीडची चूक नाही निघाली. पण बघता बघता, चर्चा करता करता प्वातचं ऑफसाइडबद्दलचं मत बदललं, ओवेन्सचं ते मुद्दाम नव्हतं असं ठरून पेनल्टीऐवजी स्क्रम दिला. मॅच १५-१५, सीरिज बरोबरीत, करंडक रीड आणि वॉरबर्टन दोघांनी मिळून उचलला. न्यूझीलंडवाले आजही म्हणतात ती पेनल्टीच होती, आणि नियम काटेकोर वाचला तर त्यांच्या म्हणण्यात दम आहे असं मलाही वाटतं. पण रेफ्रीला थांबून परत विचार करायला लावणं हे कॅप्टनचं काम होतं, ते त्याने केलं. दोन दौरे, एकही सीरिज न हरलेला लायन्स कॅप्टन.

ती त्याची शेवटची मॅच ठरली, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

दौऱ्यानंतर मानेचं ऑपरेशन, मग गुडघ्याचं, अख्खा २०१७-१८ चा सीझन घरी. जुलै २०१८ मध्ये परत ट्रेनिंग सुरू केलं आणि लक्षात आलं की शरीर आता साथ देत नाही. १८ जुलैला निवृत्ती जाहीर केली, वय २९. जपानचा वर्ल्ड कप जेमतेम वर्षभरावर होता, लोक हळहळले, पण आधीची यादी बघा, खांदे, मांडी, गुडघे, मान, २०१६ मध्ये ट्विकेनहॅमला डोक्याला मार लागून स्ट्रेचरवरून बाहेर. वर जे वर्णन केलं ना, मान उघडी आणि समोरून १२० किलो, ते दहा वर्षं आठवड्यामागून आठवडे केलं की हेच होणार. दुर्दैव, नाजूक शरीर वगैरे जे लोक म्हणतात ते मला पटत नाही. तो सहा फूट दोन इंच, दगडासारखा माणूस होता आणि जिमची शिस्त अशी की सोबतचे थक्क व्हायचे. त्याला त्याच्या कामाने झिजवलं, ज्या कामामुळे तो टीममध्ये होता त्याच कामाने.

निवृत्तीनंतर तो टीव्हीवर समालोचन करायला लागला, २०२० मध्ये थोडा काळ वेल्सच्या कोचिंग टीममध्येही होता, आणि काम कोणतं, तर ब्रेकडाउन. आणि त्याने उघडपणे बोलायला सुरुवात केली, की खेळाडूंचे आकार आणि धडका वाढतच गेल्या तर एक दिवस मैदानावर कोणाचा तरी जीव जाईल. हे बोलायला हिंमत लागते, कारण ज्या खेळाने सगळं दिलं त्याच्याबद्दल असं बोललेलं तिथल्या लोकांना सहज खपत नाही.

नियम हळूहळू बदलतायत. जॅकल करणाऱ्याला उडवताना त्याच्या मानेला किंवा धडाला मिठी मारून त्याला आपल्यासोबत पिळून जमिनीवर लोळवायची एक पद्धत होती, क्रोकोडाइल रोल, यात वाकलेल्या माणसाचा पाय अडकून गुडघा आणि घोटा जायचा. १ जुलै २०२४ पासून जागतिक संघटनेने ती बंद केली, आता केलं की पेनल्टी. सरळ समोरून पळत येऊन खांद्याने उडवणं मात्र अजून चालतं, आणि ७ नंबरवाले अजून तसेच वाकतात.